हसण्यास सक्त मनाई

"अगं, चारशे माणसं सांभाळतो मी! चारशे! एक बाप सांभाळणं म्हणजे काय मोठं?"

बायपास होऊन अण्णा घरी येणार होते, त्या सकाळी हे वाक्य सावधानरावांनी आधी बायकोला ऐकवलं, मग आईला आणि शेवटी जिन्यात भेटलेल्या दूधवाल्यालाही! खरं नाव अर्थातच वेगळं. पण ते एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि मोकळी भिंत दिसली की तिच्यावर 'सावधान!' अशी पाटी ठोकायचे. कामगारांनी पाठीमागे हेच नाव पाडलं, ते चिकटलं, आणि पुढे बायकोनंही उचललं.

त्यांचे वडील, म्हणजे अण्णा, अगदी उलट्या स्वभावाचे. नाक्यावर त्यांचं केस कापायचं दुकान. चाळीस वर्षं त्या दुकानातून गिऱ्हाईक पोट धरूनच बाहेर पडत आलं होतं. वस्तरा गळ्यावर असताना माणसाला हसवणं हा तसा जिवावरचा उद्योग. पण गिऱ्हाईक जसं हलेल तसा अण्णांचा हातही हलायचा, पाण्यावरच्या होडीसारखा. कोणाला कधी ओरखडा उठला नाही! शेजारच्या दुकानातला शिंपी त्यांचा जिवलग दोस्त. हे दोघं एकत्र बसले की शिंप्याच्या शिवणीसुद्धा वाकड्या जायच्या.

निघताना वॉर्डातल्या सिस्टरनी सूचना दिल्या. सावधानराव वही-पेन घेऊन तयारच होते.

"छातीचं हाड तारेनं बांधलंय," सिस्टर सांगत होत्या. "वजन उचलायचं नाही. कुशीवर झोपायचं नाही. रोज थोडं थोडं चालायचं. आणि खोकला, शिंक किंवा हसू आलं, तर..."

नेमका तेव्हाच कारखान्यातून फोन आला! सावधानरावांनी एक मिनिट बोलून फोन ठेवला आणि मान वर केली, तेव्हा सिस्टर म्हणत होत्या, "...नाहीतर हिसका बसतो. नीट लक्षात ठेवा!"

वहीत नोंद झाली : 'खोकला, शिंक, हसू – बंद! हिसका!!' खाली तीन रेघा. सिस्टरनी एक लहानशी घट्ट उशीही हातात दिली. ती कशासाठी, हे फोनच्या त्या एका मिनिटात वाहून गेलं होतं. सावधानरावांनी ती गाडीत अण्णांच्या पाठीशी लावली, घरी आल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर टाकली आणि विसरून गेले.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात सभा झाली.

"खोकला आणि शिंक आपल्या हातात नाही," सावधानराव दबक्या आवाजात म्हणाले. "पण हसणं आहे! अण्णांना हसवायचं नाही. आपणही त्यांच्यासमोर हसायचं नाही. हसू साथीसारखं पसरतं."

"अहो, हसण्यावर कशी बंदी घालणार?" बायको म्हणाली. "एकदा सिस्टरना नीट विचारा ना."

"मी लिहून घेतलंय!"

हे कदाचित तिथेच मिटलं असतं. पण संध्याकाळी अण्णांना पलंगावर निजवताना सावधानराव सवयीनं हात करून ओरडायला लागले, "मागे... आणखी मागे... हळू... बस्स!"

"अरे, मला झोपायचंय," अण्णा म्हणाले. "ट्रक लावायचा नाहीये!"

सून फुर्रकन हसली. अण्णाही हसले, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी छाती धरली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "आई गं..." एवढंच तोंडातून निघालं. दोन मिनिटांत ते सावरले, पण त्या दोन मिनिटांत घरातल्या तिघांचं काळीज हललं. बायकोनं पुन्हा शंका काढली नाही. स्वयंपाकघराच्या दाराला आतून पाटी लागली : 'हसण्यास सक्त मनाई'.

नियम पाळायला आईला काहीच जड गेलं नाही. अण्णांचे सगळे विनोद तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षातच हसून संपवले होते! पंचाईत सुनेची. तिला हसू आलं की ती घोड्यासारखी फुरफुरायची. मग अण्णांनी तोंड उघडलं की ती टॉवेल तोंडावर दाबून पळत सुटायची. अण्णांना दिसायचं ते एवढंच : सून तोंड लपवून, खांदे गदगदवत खोलीबाहेर जातेय.

सावधानराव स्वतः खोलीत यायचे ते बॉयलरच्या तपासणीला आल्यासारखे. नाडी मोजायची, गोळ्या द्यायच्या, फरशीकडे बघायचं, जायचं.

"काय रे, काय म्हणतोय कारखाना?" अण्णा विचारायचे.

"ठीक."

"तुझा तो मॅनेजर? अजून टोप घालतो? मागे दुकानात आला होता तेव्हा मी विचारलं, दोघांचे कापू की एकट्याचे?"

सावधानरावांच्या पोटात हसू उसळलं. त्यांनी जीभ चावली, डोळ्यांत पाणी आलं. "झोपा आता," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि पाठ फिरवून निघून गेले. अण्णा बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

चौथ्या दिवशी शिंपी आला. सावधानरावांनी त्याला दारातच अडवलं.

"काका, एक विनंती. आत अजिबात हसायचं नाही. परिस्थिती फार नाजूक आहे."

शिंप्यानं 'हसायचं नाही' सोडून दिलं आणि 'फार नाजूक' तेवढं धरलं. आत जाऊन त्यानं अण्णांचा हात हातात घेतला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून अलीकडे गेलेल्या ओळखीच्या लोकांची यादी सांगितली. अण्णांनी मध्येच एक जुना किस्सा काढला. तीस वर्षं याच किश्शाला शिंपी खुर्चीवरून खाली घसरायचा. आज त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "असो."

त्या 'असो'नं अण्णा गप्प झाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चालणं सोडलं. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं होतं, ते उचलून बाजूला ठेवलं. सूप दोन चमचे प्यायले की पुरे. "कशाला उगीच?" म्हणायचे. आईला जवळ बसवून कपाटाच्या किल्ल्या समजावल्या. सुनेला म्हणाले, "हिला एकटीला ठेवू नकोस हं. वरवर कडक आहे, पण अंधाराला घाबरते."

"काहीतरी बिनसलंय," आई सावधानरावांना म्हणाली. "हे असे नाहीत."

"आई, नाडी बघ, रक्तदाब बघ! पहिल्या संध्याकाळनंतर एकदाही हसले नाहीत!" सावधानराव म्हणाले. आकडे उत्तम होते. तरी ते बोलताना त्यांनी आईच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

नवव्या दिवशी सावधानराव कामावर गेले. अण्णांनी शिंप्याला बोलावून घेतलं, ठेवणीतला कोट पुढे टाकला आणि म्हणाले, "अंगावर सैल होतोय. जरा आत घे. शेवटचं तरी नीटनेटकं दिसू दे."

शिंप्यानं रडत रडत टाचण्या लावल्या, रडत रडत शिलाई मारली, आणि कोट पोचवून परत येताना जो भेटेल त्याला सांगितलं. औषधांच्या दुकानदाराला, मास्तरांना, पोस्टमनला. चाळीस वर्षं सगळ्या नाक्याची डोकी अण्णांच्या हाताखालून गेलेली! चार वाजता शिंपी पुन्हा अण्णांकडे निघाला, तेव्हा अर्धा नाका त्याच्या मागे होता.

संध्याकाळी सावधानराव जिना चढून वर आले आणि थबकले. दार सताड उघडं. बाहेर पंचवीस-तीस चपला-बुटांचे जोड. आणि आत चिडीचूप.

ते तिथेच पायरीवर बसले. डबा हातातून सुटून खाली गडगडत गेला, तो उचलायचंही भान राहिलं नाही. शस्त्रक्रिया चालली होती ते साडेपाच तास त्यांना आठवले. बाहेरच्या बाकावर बसून ते समोरच्या फरशा मोजत होते, पुन्हा पुन्हा. हातात नियमांची वही नव्हती, पाटी नव्हती, करण्यासारखं काहीच नव्हतं. आणि आता वाटत होतं, मॅनेजरच्या टोपाला हसलो असतो तर काय बिघडलं असतं?

कसेबसे उठून ते आत गेले. माणसं बाजूला झाली. मधोमध खुर्चीवर, कोट घालून, अण्णा बसले होते. जिवंत!

"ये," अण्णा म्हणाले. "बरं झालं, वेळेत आलास. आता सगळ्यांसमोर खरं सांग. किती दिवस?"

"कशाचे?" सावधानरावांना धाप लागली होती.

"लपवू नकोस. डॉक्टरांनी किती सांगितलेत?"

"सहा आठवडे!"

खोलीभर एक सुस्कारा फिरला. मास्तरांनी चष्मा काढला. शिंपी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, भिंतीला डोकं टेकवून हुंदके देऊ लागला.

"सहा?" अण्णांनी मान डोलावली. "मी पंधरा दिवस धरून चाललो होतो. बरेच मिळाले की!"

"बरेच कसले! काहींना आठसुद्धा लागतात!"

"लागतात?"

"हाड जुळायला!"

आता मात्र कोणाला काहीच कळेना.

"आणि जुळल्यावर?" अण्णांनी सावकाश विचारलं.

"जुळल्यावर काय? दुकान उघडा! तुम्हाला झालंय काय अण्णा? आणि हे सगळे का जमलेत?"

"मला झालंय काय?" अण्णांचा आवाज चढला. "आठ दिवस या घरात माझ्याशी कोणी हसून बोललं नाही! सून रडत पळते, तू डोळ्यांत पाणी आणून तोंड फिरवतोस, हा शिंपी मला मेलेल्यांची नावं सांगतो! माणसानं दुसरं काय समजायचं?"

"पण सिस्टरनी सांगितलं होतं, हसू द्यायचं नाही म्हणून!"

"लावा फोन त्यांना," बायको म्हणाली. "आत्ता. सगळ्यांना ऐकू येईल असा."

फोन लागला. प्रश्न ऐकून सिस्टर कडाडल्या, "हसू देऊ नका? मी? अहो, हसू आलं तर उशी छातीशी घट्ट धरा म्हटलं होतं! नाहीतर हिसका बसतो! खुशाल हसू द्या त्यांना! उशी दिली होती ना? कुठाय ती?"

सगळे उशी शोधू लागले. शिंपी हुंदके देत तिच्यावरच बसला होता!

पहिल्यांदा सून फुरफुरली. टॉवेल शोधायला तिला वेळच मिळाला नाही. मग पोस्टमन, मग मास्तर, मग खोलीच्या खोली! "उशी! आधी उशी द्या!" सावधानराव ओरडले. त्यांनी स्वतः ती अण्णांच्या छातीशी धरली, वर अण्णांचे हात दाबले, आणि अण्णा हसले. बेतानं, थांबत थांबत, दुखतंय म्हणत, डोळ्यांतून पाणी काढत हसले. आईनं मात्र कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या मांडीवर आपटल्या, "मरायला निघाले होते म्हणे, किल्ल्या देऊन!" म्हणाली आणि आत जाऊन एकटीच रडून आली.

मंडळी गेल्यावर सावधानराव पलंगाशी बसले.

"बाकीच्यांचं सोड," अण्णा म्हणाले. "मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. डॉक्टरांशी तूच बोलला होतास ना? म्हटलं, याला माहीत असणार."

"मला काही माहीत नव्हतं," सावधानराव म्हणाले. "मी घाबरलो होतो, अण्णा. काहीतरी हातात धरायला हवं होतं. तो नियम सापडला, तो धरला."

"मीही घाबरलो होतो," अण्णा म्हणाले. "चेष्टा करत होतो ती काय, कोणी हसलं तर कळावं, की अजून सगळं ठीक आहे."

सावधानरावांनी त्यांचा हात धरला. नाडी मोजली नाही. नुसता धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतःहून खोलीत चार फेऱ्या चालले, सूप वाडगाभर प्यायले आणि म्हणाले, "दाढी करायचीय. माझा हात अजून कापतो. तू करतोस?"

सावधानरावांनी जन्मात दुसऱ्याची दाढी केली नव्हती. लहानपणी दुकानात पाय ठेवायला ते लाजायचे, आणि अण्णांनीही कधी बोलावलं नव्हतं. आता त्यांनी त्या खोल गेलेल्या गालांना फेस लावला. वडिलांच्या गालाला हात लागून किती वर्षं झाली, ते आठवेना. अण्णा डोळे मिटून बसले होते, बारीक आवाजात सांगत होते, "वस्तरा उतरता धर... हां... कातडी ताण... घाई नाही."

गाल उत्तम झाले. एक ओरखडा नाही! सावधानरावांची छाती फुगली. त्या भरात त्यांनी मिशीची डावी बाजू जराशी सारखी केली. मग उजवी लांब वाटली. ती घेतली, तर डावी लांब! असं करत करत दोन्ही बाजू अगदी तंतोतंत सारख्या झाल्या, तेव्हा तिथे मिशीच उरली नव्हती.

अण्णांनी आरसा मागितला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग आरसा पालथा ठेवून शांतपणे म्हणाले, "हाडाची काळजी मिटली. आता त्या सिस्टरना पुन्हा फोन लाव आणि विचार, मिशी यायला किती आठवडे लागतात. आणि या वेळी पूर्ण ऐकून घे!"