घोंगडीत गुंडाळलेलं लेकरू

मनकर्णाचं दोन महिन्यांचं लेकरू सकाळपासून रडत होतं आणि अंगावर प्यायला तोंड लावत नव्हतं. हट्टा गावच्या त्या गल्लीत ती नवी सून. घरात सासू नाही, नवरा ज्ञानबा मेंढरांमागे गेलेला. तिनं दारात येऊन एकदाच विचारलं, "माय, लेकरू काहून रडून राहिलं असंल?" आणि गल्लीनं हातातली कामं टाकली.

पहिल्या आल्या कौशल्याबाई. लेकराकडं न बघताच म्हणाल्या, "नजर हाय." त्यांनी लेकराच्या कमरेला बिब्बा ओवलेला काळा दोरा बांधला. मागोमाग सत्यभामाबाई. "नजर कशाची? पोटात वारा धरलाय." बेंबीभोवती हिंगाचा लेप आला, त्यावर फडकं आवळलं गेलं. मग पिंजाऱ्याच्या घरची हलीमाचाची. "टाळूला हवा लागली गे पोरी," म्हणत तिनं दोन बोटं जाड कापसाची टोपी चढवली.

लेकरू आणखी रडलं. निरोप मिळताच ज्ञानबा रानातून धावत आला. त्याला एकच औषध ठाऊक होतं. काकडलेल्या कोकराला तो घोंगडीत गुंडाळायचा. त्यानं लेकराला गुंडाळलं. महिना चैत्राचा होता.

यातलं काहीतरी काढावं असं मनकर्णाला वाटे, पण तिघी आपली चूल विझवून आल्या होत्या. कोणाचं काढायचं? दुपारी मात्र लेकराचा रडायचा आवाजही बसला आणि तिचा धीर सुटला.

"गाडी जुपा. दवाखान्यात नेऊ."

सरकारी दवाखाना दोन कोसांवर. ज्ञानबानं बैल जुपले, तोवर कौशल्याबाई गाडीत बसल्याही. "दाक्तर माझा दोरा तोडंल. मी संगं येते." दोऱ्यामागं लेपवाली चढली, लेपामागं टोपीवाली.

डॉक्टर जलालुद्दीन तरुण होते, जागरणानं डोळे लाल. टेबलावरचं गाठोडं त्यांनी चारही बाजूंनी पाहिलं.

"लेकरू कुठं आहे?"

"त्यातच हाय, साहेब," ज्ञानबा म्हणाला.

घोंगडी निघाली. टोपीला हात लागताच हलीमाचाची गरजली, "अरे बेटा, टाळू!"

"चाची, घामानं टोपी भिजलीय बघा."

लेप निघाला तेव्हा सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घेतले. दोरा सुटताच लेकरानं हातपाय ताणले, डॉक्टरांच्या बाहीवर धार सोडली आणि आईनं कुशीत घेताच अधाशासारखं प्यायला लागलं.

"उकाड्यानं जीव घाबरला होता," डॉक्टर म्हणाले. "मोकळं ठेवा, पाजत राहा. औषध नको."

मनकर्णाला रडू फुटलं. ती पाया पडायला वाकणार, तोच मागच्या खोलीतून दुसरं लेकरू टाहो फोडून रडलं.

"हे कुणाचं?" कौशल्याबाईंनी कान टवकारले.

"माझंच," डॉक्टर हळूच म्हणाले. "तीन दिवस झाले, असंच रडतंय. हैदराबादेहून सासूबाई आल्यात, बिलकीस बेगम. मखमलीचा अंगरखा, वर रजई. मी हात लावला की म्हणतात, तुम्ही परक्यांची पोरं तपासा."

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि पदर खोचले. "सरका बाजूला, दाक्तर!"

आत आधी एक आवाज चढला, मग चार. नजर, वारा आणि टाळू यांत बेगमसाहेबांनी मखमल-रजईच्या हैदराबादी तोडग्याची भर घातली. चौघींची अशी जुंपली की मनकर्णानं आपलं निजलेलं लेकरू ज्ञानबाकडं दिलं, ती गुपचूप आत शिरली आणि पाळण्यातली रजई उचलली, मग अंगरखा. रडणं थांबलं. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. उघडं लेकरू तिनं दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बाळंतीण बायकोच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी तिला सलाम केला. "बहेन, तुमचे उपकार झाले."

"माझे कशाचे, साहेब? ह्या तिघी नसत्या तर सासूबाईंना कोनी गुंतवून ठेवलं असतं?"

आत भांडण ऐन रंगात आलं होतं. डॉक्टरांनी हळूच दार लोटून घेतलं आणि शिपायाला सांगितलं, "चौघींना चहा दे. आणि बघ, घडीभर कोणीही उठायला नको."