माझ्यासाठीच हवेत

"उद्या ड्रॉप आहे," थोरल्याने, म्हणजे घरच्या बूटशेठने, जेवताना जाहीर केलं.

"डोळ्यांचा का?" बाबांनी विचारलं.

"बुटांचा हो, बाबा! मोजकेच जोड निघतात. पहाटेपासून लाइन लावावी लागते."

"आणि एवढा आटापिटा करून आणलेले बूट घालून जायचं कुठे?" आईने विचारलं.

"घालायचे नसतात ते!"

हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की पोपट पाळला असता तर त्याने 'मिठू मिठू' सोडून हेच म्हटलं असतं. घरातलं एकमेव मोठं कपाट बूटशेठच्या खोक्यांनी भरलं होतं. आईचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत आणि धाकटीची पुस्तकं फ्रिजवर. बुटांना ऊन लागू नये म्हणून खिडकीचे पडदे कायम ओढलेले. रविवारी बूटशेठ एकेक खोकं उघडायचा, बूट हुंगायचा, पुन्हा बंद करायचा. कुणी जवळ आलंच तर ओरडायचा, "हात लावू नका, घामाचे डाग पडतात!" स्वतः मात्र ऑफिसला घासून पापड झालेल्या चपलांत जायचा.

अडचण सुट्टीची होती. मागच्या ड्रॉपला त्याने आजी गेल्याचं कारण दिलं होतं आणि साहेबांनी सांत्वनाला केलेला फोन नेमका आजीनेच उचलला होता. वर "मी मजेत आहे, तुम्ही जेवलात का?" असंही विचारलं होतं. तेव्हापासून सुट्टी बंदच झाली, शिवाय ऑफिसात बूट बघत बसू नये म्हणून साहेब रोज सकाळी बूटशेठचा फोन काढून घेऊन स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवत.

"बाबा, तुम्ही उभे राहाल लाइनीत?"

बाबा वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेत. दिवसभर लोकांचे जिने चढून त्यांची टाच संध्याकाळी ठणकायची आणि ते लंगडत घरी यायचे. पण मुलाने काही मागावं आणि बाबांनी नाही म्हणावं, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं.

"उद्या माझी ड्यूटी दुपारची आहे. राहतो की."

"फक्त एक लक्षात ठेवा. कुणासाठी विचारलं तर म्हणायचं, 'माझ्यासाठीच हवेत.' दुसऱ्यासाठी घेणाऱ्याला देत नाहीत."

बाबांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी आरशासमोर सराव केला. "मा... माझ्यासाठीच."

"बाबा, बूट मागताय की किडनी?" धाकटी खिदळली. "जरा ठासून!"

सकाळी लाइनीत सगळी धाकटीपेक्षा जरा मोठी पोरं. "काका, तुम्ही पण बूटवाले?" एकाने विचारलं. "माझ्यासाठीच हवेत!" बाबा एवढे ठासून म्हणाले की पुढचे चार जण दचकून वळले.

दुकानदारालाही त्यांनी तेच ऐकवलं. तो भारावलाच. "वा, काका! बसा. पाय पुढे करा."

"पाय कशाला?"

दुकानाने त्याच दिवशी नवा नियम काढला होता. बूट नेऊन चढ्या भावाने विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून प्रत्येकाचा पाय तिथेच मोजायचा, बूट तिथेच घालायचे आणि चालत बाहेर पडायचं. बूटशेठचा नंबर नऊ. बाबांचा सात.

बाबांनी मुलाला फोन लावून पाहिला. ड्रॉवरमध्ये तो नुसताच थरथरला. मागे रांग चुळबुळत होती. रिकाम्या हाताने परतलो तर पोराचं तोंड एवढंसं होईल, बाबांच्या मनात आलं. त्यांनी पाय पुढे केला. नाड्या बांधल्या गेल्या आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. ड्यूटीची वेळ झालीच होती. बाबा जुन्या चपला खोक्यात टाकून तसेच जिने चढायला निघाले.

संध्याकाळी ते घरात शिरले तेव्हा पांढरे बूट मातकट झाले होते. गल्ल्या खणलेल्या होत्या, त्याला बाबा काय करणार? चेहरा मात्र असा फुललेला, जणू मोठं बक्षीसच लागलंय.

"अगं, ऐकलंस का? आज टाच..."

"बाबा!" बूटशेठ किंचाळला. "हे काय केलंत? सात नंबर? चिखल? हे बूट काय तुमच्या पायात घालायचे आहेत? शोभतात तरी का?"

आजीने टीव्ही बंद केला.

बाबांनी खाली बसून हळूच नाड्या सोडल्या. जुन्या टूथब्रशने बूट लख्ख घासले, आत कागद कोंबला आणि खोकं मुलाच्या कपाटात ठेवलं. ते पुन्हा लंगडत चालू लागले.

"टाच दुखली नाही आज, हेच सांगत होते ते," आई एवढंच म्हणाली.



सकाळी बाबा जुन्या चपला शोधत होते. त्या बूटशेठने मुद्दाम लपवल्या होत्या. "बाबा, ते बूट घाला ना. तुमच्यासाठीच आहेत."

"छे, छे! घालायचे नसतात ते."

"माझं चुकलं, बाबा. घालायचेच असतात."

"तू नाही घालत कधी."

बूटशेठने ताडकन कपाट उघडलं. सगळ्यात जुना, सगळ्यात दुर्मिळ, खास रविवारचा जोड बाहेर काढला. धाकटीने तोंडावर हात ठेवला. त्याने तो पायात चढवला आणि दाराकडे ऐटीत निघाला. "हे बघा! काही होत नाही!"

चौथ्या पावलाला फस्स असा आवाज झाला. वर्षानुवर्षं खोक्यात राहून डिंक सुकला होता. एका बुटाचा तळवा मागेच राहिला आणि दुसरा मगरीसारखा आ वासून बूटशेठकडे बघू लागला.

बाबांनी वाकून तो तळवा उचलला, फुंकर घालून मुलाच्या हातात दिला.

"पाहिलंस ना?" ते मायेने म्हणाले. "तूच बरोबर होतास. घालायचे नसतात."

मग मुलाच्याच झिजलेल्या चपला पायात सरकवून ते कामाला निघाले. बूटशेठ एका पायावर उभा राहून जिन्यातली पावलं ऐकत राहिला. एक हलकं, एक जड.