एवढ्या लांब जातोच आहोत तर

सहलीतला सर्वात धोक्याचा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष जाणं. सामान हरवतं, पाय सुजतात, पोट बिघडतं. नियोजनात यातलं काहीच होत नाही. म्हणून सुज्ञ माणूस सहल नियोजनातच उरकतो. (मी सुज्ञ आहे. घरात यावर मतभेद आहेत.)

आमची ही दाताच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. तिच्या टेबलासमोर उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाचं चित्र टांगलंय: बर्फ, लाकडी घर आणि वर हिरवंगार झळाळणारं आकाश. पेशंट गाल धरून कण्हत असतात आणि ही आकाश बघत असते. एकदा जेवताना म्हणाली, "अहो, आपण दोघं जाऊन येऊ या ना तिकडे. मला तेवढा तो उजेड बघायचाय. बाकी काही नको."

'बाकी काही नको' हे नियोजनाच्या कुठल्याच नियमात बसत नाही. मी तत्काळ सहल समिती स्थापन केली. अध्यक्ष मी, सदस्य ही, निरीक्षक आमची मुलगी. पहिल्याच बैठकीत धोरण एकमताने (माझ्या) मंजूर झालं: एवढ्या लांब जातोच आहोत, तर सगळंच बघून घ्यायचं.

त्यानुसार उजेडाला समुद्राची खाडी जोडली, खाडीला बोट, बोटीला देवमासा आणि देवमाशाला शेजारचा देश. जातोच आहोत, तर मध्यरात्रीचा सूर्यही घेतला. उजेड बघून झाला की लगेच.

"बाबा," मुलगी म्हणाली, "त्या उजेडाला काळोख लागतो. सूर्य मावळतच नसेल तर काळोख आणणार कुठून? एक हिवाळ्यात दिसतं, दुसरं उन्हाळ्यात."

निसर्गाच्या या असहकाराची समितीने गंभीर दखल घेतली. सखोल विचारांती मी मधला महिना शोधून काढला. तेव्हा सूर्य रीतसर मावळतो आणि उजेड दिसण्याइतका काळोखही पडत नाही, त्यामुळे कुणावरच अन्याय होत नाही. शिवाय हॉटेलं रिकामी असतात. (का, ते विचारण्याची गरज समितीला भासली नाही.) निर्णयाबाबत शंभर टक्के समाधान आढळलं. पाहणी अध्यक्षांची झाली होती.

मग गरम कपड्यांची उपसमिती नेमली. बनियन आधी की मोजे आधी, यावर ती अडली असतानाच ही बॅग भरताना दिसली. तिची थोरली बहीण दारात उभी होती.

"मी आणि ताई निघालोय," ही म्हणाली. "तुमच्या समितीने पाडला तेवढा उजेड पुरे. आता खरा बघून येते."

"आणि देवमासा?"

"तो राहू दे तुमच्याकडे."

'तुम्हीही चला' असं ती म्हणाली नाही. ते मात्र मला फार लागलं.

तिकडून हिचा फोन आला. रडवेल्या आवाजात म्हणाली, "किती सुंदर आहे हो!" मला मोज्यांबद्दल सांगायचं होतं, पण सांगवलं नाही.

हसा, खुशाल हसा. फक्त 'कधी निघायचं?' असं घरातल्या कुणी तुम्हाला शेवटचं कधी विचारलं, ते आठवून बघा. हल्ली विचारत नाहीत ना? आणि तुम्ही समजताय, त्यांची हौस फिटली.