पिंपातले वास्तव्य

सर्वेक्षण अधिकारी अकरा वाजता येणार होता, आणि हर्षवर्धन साडेनऊ वाजता पाण्याच्या पिंपात उतरला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध आहे, हे त्याची पत्नी संघमित्रा हिला शेवटपर्यंत पटले नाही.

संबंध असा होता. परळच्या त्या चाळीचा पुनर्विकास ठरला होता. मूळ भाडेकरू खोलीत प्रत्यक्ष राहताना आढळला तर नव्या इमारतीत घर. न आढळला तर काहीही नाही. हर्षवर्धनविरुद्ध एक निनावी अर्ज गेला होता : 'हे गृहस्थ डोंबिवलीला राहतात. खोलीला नुसते कुलूप असते.' वस्तुतः डोंबिवलीला त्याची मेहुणी राहत होती, आणि तो तिथे वर्षातून दोनदा, तेही नाइलाजाने, जात असे. परंतु आपण बावन्न वर्षे जिथे राहतो तिथेच राहतो, हे सिद्ध करण्याची वेळ आली की भल्या माणसाचाही स्वतःवरचा विश्वास डळमळतो. हर्षवर्धनचा रक्तदाब वाढला. झोप गेली.

नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या कार्यालयात ताणमुक्तीची कार्यशाळा झाली. फिनलंडमधले लोक लाकडी खोलीत ऐंशी अंश उष्णतेत बसतात, मग गोठलेल्या तळ्यात उतरतात आणि निवांत होतात, असे प्रशिक्षिकेने सांगितले. ते निवांत असतीलही. मात्र त्यांच्या खोल्यांबद्दल कोणी निनावी अर्ज करत नसावे, ही शक्यता कार्यशाळेत विचारात घेतली गेली नाही.

सर्वेक्षणाच्या सकाळी नऊ वाजता हर्षवर्धनने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि गॅसवर दोन पातेली पाणी उकळत ठेवले. मे महिना होता. बाहेर चौतीस अंश तापमान आणि अठ्ठ्याहत्तर टक्के आर्द्रता होती. वीस मिनिटांनंतर खोलीत सदतीस अंश झाले. हा फरक परळच्या माणसाला तापमापकाशिवाय कळला नसता.

"अहो, मला पोहे करायचेत. गॅस सोडा," संघमित्रा म्हणाली. "घाम हवाय तर गॅलरीत उभे राहा. फुकट आहे."

"दहा मिनिटं गं. मग थंड पाण्यात उतरतो. साहेब येईपर्यंत बीपी एकदम नॉर्मल."

"आणि तळं कुठंय?"

हर्षवर्धनने मोरीतल्या निळ्या पिंपाकडे पाहिले.

"अजिबात नाही! दिवसाचं पाणी आहे ते!"

पण तोवर ती कागदांकडे वळली होती. रेशनकार्ड, वीजबिले, त्याच्या वडिलांच्या नावच्या शाईच्या भाडेपावत्या असे सारे तिने तारखेनुसार फरशीवर मांडायला घेतले होते. एक वर्ष सापडत नव्हते. तेवढ्या अवधीत हर्षवर्धनने नाक्यावरच्या चंपा मासेवालीकडून आणलेली बर्फाची अर्धी लादी पिंपात सोडली. लादी सुरमईखालची होती. "दादा, सरबतात नका टाकू हां," असे चंपाने बजावले होते, आणि त्याने ते पाळले. मग तो स्टुलावर चढला आणि पिंपात बसला.

पिंप पहाटे काठोकाठ भरलेले होते. हर्षवर्धनचे वजन ब्याऐंशी किलो होते. त्याने बाजूला सारलेले पाणी त्याच्या आकारमानाइतके असणार, हे शाळेत सर्वांना शिकवतात. ते जाणार कुठे, हे शिकवत नाहीत. मोरीच्या जाळीला तो वेग झेपला नाही. पाणी कठडा ओलांडून खोलीत शिरले आणि सर्वांत जुन्या पावत्यांपासून, म्हणजे तारखेनुसारच, पुढे सरकू लागले.

संघमित्राची किंकाळी ऐकून हर्षवर्धन उठू लागला. तो उठला नाही. त्याचे गुडघे छातीशी आले होते आणि पाठ मागच्या भिंतीला टेकली होती. हातांना रेटा द्यायला ओल्या प्लास्टिकखेरीज काही नव्हते. शिवाय सुरमईच्या बर्फाने पोटऱ्यांत गोळे आणले होते.

"बाहेर या आधी! पावत्या गेल्या सगळ्या! शाई बघा, निळं पाणी झालंय नुसतं!"

"येतोय."

"कधी?"

"तेच बघतोय."

आरडाओरडा ऐकून शेजारचे नाना आले. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून चाळीतल्या प्रत्येक यंत्रबिघाडाला ते हजर असत.

"हर्षा! मेल्या, तू थंय कित्याक बसलंस?"

"रिलॅक्स होतोय, नाना."

"मगे हो की. बोंबलतंस कित्याक?"

नानांचे निदान तत्काळ होते : पाणी उपसावे. दोघांनी तांब्यांनी निम्मे पिंप रिकामे केले. त्याबरोबर पाण्याचा आधार गेला, हर्षवर्धनचे पूर्ण वजन खाली आले आणि तो आणखी चार बोटे रुतला. नंतर खोबरेल तेल ओतण्यात आले. त्यामुळे तो फक्त गुळगुळीत झाला.

"रामजीकडे कटर आसा," नाना म्हणाले. "पिंपच उभा कापूया."

"पिंपाला हात लावायचा नाही!" संघमित्रा कडाडली. "उद्या पहाटे पाणी कशात भरू? ह्यांच्यात?"

अकराला पाच मिनिटे कमी असताना दारात गोलतकर नावाचे सर्वेक्षण अधिकारी उभे राहिले. त्यांच्या हातात फायली होत्या आणि गळ्यात अंगठा घेण्याचे यंत्र लटकत होते.

"अर्जदार कुठायत?"

"मोरीत," संघमित्रा म्हणाली.

"बोलवा बाहेर."

"ते येत नाहीत."

"येत नाहीत म्हणजे? मॅडम, माझ्या अजून चौदा खोल्या बाकी आहेत."

"येता येत नाही त्यांना, साहेब. तुम्हीच बघा."

गोलतकरांनी मोरीत डोकावून पाहिले. पिंपातून एक डोके, दोन खांदे आणि माशांचा वास वर येत होता.

"नमस्कार," हर्षवर्धन म्हणाला. दातांवर दात आपटत असल्याने त्या शब्दाला वेळ लागला.

"तुमच्यावर तक्रार आहे. इथे राहत नाही म्हणे. कागद?"

संघमित्राने लगद्याचा एक गोळा पुढे केला. "ही सत्त्याऐंशी ते त्र्याण्णव. बाकीची पंख्याखाली आहेत."

गोलतकरांनी गोळा उलटसुलट पाहिला आणि अत्यंत सौजन्याने परत दिला. मग यंत्र पुढे केले. हर्षवर्धनने अंगठा ठेवला. पाण्यात तास दीड तास राहिलेल्या अंगठ्यावर त्याच्या खऱ्या रेषांपेक्षा सुरकुत्याच अधिक होत्या. यंत्राने तीन वेळा लाल दिवा दाखवला. कागद गेले होते, अंगठाही गेला होता. बावन्न वर्षांचे वास्तव्य आता एका पिंपात उरले होते.

"साहेब," हर्षवर्धन कापऱ्या आवाजात म्हणाला, "याच खोलीत जन्मलोय मी. आईशप्पथ."

 बावीस वर्षांच्या नोकरीत गोलतकरांनी भाड्याने आणलेली कुटुंबे पाहिली होती, सकाळी मांडून संध्याकाळी उचलले जाणारे संसार पाहिले होते. त्यांनी पेन काढले.

"डोंबिवलीहून कोणी पिंपात बसायला येत नाही," ते म्हणाले, आणि मोठ्याने उच्चारत लिहू लागले : 'अर्जदार मोरीत, पिंपात आढळले. अवस्था पाहता कायम वास्तव्याबद्दल शंका राहत नाही. वास्तव्य सिद्ध.' त्यांनी मोबाइलवर फोटो घेतला, पंच म्हणून नानांची सही घेतली आणि ते पुढच्या खोलीकडे गेले.

'सिद्ध' हा शब्द कानी पडताच हर्षवर्धनने आठ दिवसांत प्रथमच पूर्ण श्वास सोडला. छाती उतरली, खांदे सैलावले, पोटऱ्यांतले गोळे विरघळले. नानांनी काखेत हात घालताच तो सरळ वर आला. उष्णता आणि बर्फ यांना जे जमले नव्हते, ते एका सरकारी शेऱ्याने केले होते. कार्यशाळेत या उपचाराचा उल्लेख नव्हता.

संघमित्राने त्याला टॉवेल दिला, आणि त्यानंतर दुपारपर्यंत त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नाही.

नाना मात्र बोलले. पंच या नात्याने घडला प्रकार जगाला सांगणे त्यांना कर्तव्य वाटले असावे. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना आणि चाळीच्या मागच्या इमारतीलाही अधिकाऱ्याचे वाक्य पाठ झाले.

दुसऱ्या दिवशी गोलतकर मागच्या इमारतीत गेले, तेव्हा पहिल्याच खोलीत अर्जदार पिंपात आढळले. दुसऱ्या खोलीतही. तिसऱ्या खोलीतल्या बाईंनी, पिंप लहान पडल्यामुळे, टबात बसून नमस्कार केला. दुपारपर्यंत नऊ भाडेकरू मोरीत आढळले. त्यांतले सहा जण त्या सकाळी बदलापूर, विरार आणि खुद्द डोंबिवलीहून आले होते, आणि सहाही जणांचे कागद आश्चर्यकारकरीत्या भिजलेले होते. जो पुरावा कोणालाही पाहिजे तेव्हा तयार करता येतो, तो पुरावा राहत नाही, एवढे शास्त्र गोलतकरांनाही ठाऊक होते.

शनिवारी फलकावर सूचना लागली. संघमित्राने ती वाचली, पुन्हा वाचली आणि वर जाऊन नवऱ्याला दंडाला धरून खाली आणले.

'पिंपात आढळलेल्या सर्व रहिवाशांचे वास्तव्य रद्द समजण्यात येत असून त्यांची फेरतपासणी सोमवारी होईल,' असे तिथे लिहिले होते. खाली गोलतकरांच्या हस्ताक्षरात एक ओळ वाढवलेली होती : 'फेरतपासणीच्या वेळी अर्जदार कोरडे असावेत.'