एकोणचाळीसचा सेंट

इस्माईलकाका पापडसुद्धा कडेने धरतात. अंगठा आणि पहिलं बोट, बस. मारी बिस्किट तसंच, रेसिडेन्सीचं कार्ड तसंच, आणि मागच्या ईदला मी माझा नवा फोन बघायला दिला तर तोही तसाच. पडला. काका म्हणाले, "पडू दे गो. बोटाचा डाग तर नाय ना लागला?"

हे आमचे इथे आखातात, अल अझीझियातले खालच्या मजल्यावरचे शेजारी. रत्नागिरीकडचे. बरीच वर्षं इथल्याच दुखान गावाला तेल कंपनीचं स्टोअर सांभाळलं, आता एका हार्डवेअरवाल्याचं सांभाळतात. दुखानमधला एक अमेरिकन इंजिनीयर देश सोडून जाताना त्यांना एक निळा पुठ्ठ्याचा अल्बम देऊन गेला. आत गोल गोल भोकं, प्रत्येक भोकाखाली एक साल. जुने अमेरिकन एक सेंट जमवायचे, ज्यांच्या मागच्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या असतात ते, आणि त्या त्या सालच्या भोकात दाबून बसवायचे. झालं, काका त्या दिवसापासून कामातून गेले.

नाणं किती झिजलंय हे सांगायची यांची एक वेगळीच भाषा आहे, आणि ते ती माणसांनाही लावतात. तिच्यात 'गुड' म्हणजे पार घासलेलं, चेहरा जेमतेम ओळखू येणारं; 'फाइन' त्याहून जरा बरं. आमचा वॉचमन फाइन, काकांचा मॅनेजर गुड. एकदा आईने त्यांना पुरणपोळी पाठवली तर निरोप आला, "अनसर्क्युलेटेड." आई दोन दिवस फुगून बसली. मी तिला समजावलं, अगं ही सगळ्यात वरची पदवी आहे, म्हणजे कुणाचा हातच न लागलेलं नाणं. तर म्हणते, हात न लावता पोळी कशी लाटतात ते विचार त्यांना.

पण खरी मजा शुक्रवारी. नमाज झाली, जेवण झालं की काकांचा ओहायोला व्हिडिओ कॉल. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी आहे, रुबिना, हॉस्पिटलात फार्मसिस्ट. तिच्याकडे सकाळ असते. ती बँकेतून सेंटच्या गुंडाळ्या आणते, कॅमेऱ्यासमोर फोडते आणि एकेका नाण्यावरचं साल वाचते. काका म्हणतात, "पुढे." ती पुढचं वाचते. "पुढे." असं दोन-दोन तास! हवं ते साल निघालं की ते नाणं पाकिटातून इकडे. आमच्या आईला कित्येक महिने वाटत होतं की काका कुणाची तरी पाढ्यांची शिकवणी घेतात.

आधी असं नव्हतं म्हणे. रुबिना गावाला वाढली आणि काका वर्षातून एक महिना घरी. काकू होत्या तोवर दोघांच्या मधे त्याच बोलायच्या. त्या गेल्या आणि बापलेकीचे फोन सुरू होतायत न होतायत तोच संपायला लागले. मग एकदा रुबिनाला तिच्या सुट्ट्या पैशांत गव्हाच्या लोंब्या दिसल्या.

आता अल्बममध्ये एकच भोक रिकामं आहे. एकोणचाळीसचा सेंट, सालाखाली बारीक 'डी', म्हणजे टांकसाळीची खूण, असलेला. मी म्हटलं, काका, ऑनलाइन मिळतो, तीन क्लिक, यल्ला, चला. तर म्हणाले, नाय, तो मागवायचा नसतो, सापडायचा असतो.

ठीक. मग सापडवू की! शनिवारी सकाळी मी त्यांना हट्टाने सूकमध्ये, जुन्या बाजारात नेलं. तिथे जुन्या सामानाच्या एका दुकानात परदेशी नाण्यांनी भरलेला डबा असतो, हवा तेवढा उपसावा. काका इराणी नाणी न्याहाळत बसले आणि मी कोपरापर्यंत डब्यात. आणि मिळाला. खरंच मिळाला! तपकिरी, लोंब्यांवाला, १९३९, खाली एवढुस्सा डी. मी तिथल्या तिथे नाचले. फोटो काढला, रुबिनाला पाठवायला मेसेजसुद्धा टाइप करून टाकला.

काकांनी खिशातून भिंग काढलं. नाणं उजेडाकडे फिरवलं. बराच वेळ बघत राहिले.

"डी नाय गो बाय तो," म्हणाले. "घाण बसलीय."

आणि नाणं परत डब्यात. नुसतं टाकलं नाही, बोटांनी सारून सारून पार तळाला घातलं.

परतीच्या वाटेवर मी गाडीत रेडिओ लावला. एका लांबलचक सिग्नलला शेवटी मी विचारलं, काका, डी होता ना?

"व्हता."

मग का नाही घेतला ते त्यांनीच सांगितलं, समोरच्या लाल दिव्याकडे बघत.

"भोक भरला की ती म्हणेल, अब्बा, खलास. मग शुक्रवारी मी तिला काय विचारू? जेवलीस काय? ती म्हणेल, जेवले. मग?"

टाइप केलेला मेसेज तसाच पडून होता, तो मी खोडला.

सिग्नल सुटला. जरा पुढे गेल्यावर काकांनी विचारलं, "ओहायोला आता किती वाजले असतील गो?"

जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

"पहाटेचे चार," मी म्हटलं.

"झोपली असेल," ते म्हणाले, आणि हात लांब करून गाडीतला रेडिओ बारीक केला.