उरलेले तीन पंचमांश

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं विचारू नका. सिंहाच्या छाव्याला पहिला नंबर काढायचा होता, म्हणून होती.

शाळेचा नियम एकच. युवराज छाव्याचं उत्तर बरोबर धरायचं आणि पुस्तक त्याप्रमाणे दुरुस्त करायचं. सोळाचं वर्गमूळ युवराजांनी आठ सांगितलं. "चार," असं माकड गुरुजी चुकून बोलून गेले. त्या दुपारी त्यांना राजवाड्यावर बोलावणं आलं. ते काही परत आले नाहीत. मग अस्वल गुरुजी नेमले गेले.

अस्वल गुरुजींनी विचारलं, "अर्धा अधिक एक तृतीयांश किती?"

"सोप्पंय," छावा म्हणाला. "वरच्यात वरचा मिळवा, खालच्यात खालचा. दोन पंचमांश!"

अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं. गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"शाब्बास, युवराज!" ते म्हणाले. पुस्तक दुरुस्त झालं.

मग कडक उन्हाळा आला आणि तळं आटत चाललं. सिंहानं फर्मान काढलं. अर्धं पाणी राजवाड्याला, एक तृतीयांश हत्तींना, उरलेलं सगळं लहान प्राण्यांना.

प्रधान कोल्ह्यानं भर सभेत नव्या पुस्तकाप्रमाणे हिशेब मांडला. "राजवाडा आणि हत्ती मिळून दोन पंचमांश. म्हणजे लहानांना तीन पंचमांश! असा राजा पाहिलाय का कुठे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या कापशी नावाच्या ससिणीनं. तिची तीन पिल्लं बिळात तहानेनं निपचित पडली होती. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तळ्यापेक्षा तिथंच जास्त होतं म्हणा.

राजवाड्याचे हौद भरले. हत्ती पिऊन गेले. तळ्यात जेमतेम सहावा भाग उरला आणि कापशीचा नंबर येईपर्यंत नुसता चिखल.

"प्रधानजी, पाणी कुठंय?"

"तीन पंचमांश दिलं की तुम्हाला! एवढं पाणी ढोसून पुन्हा मागायला येता? लाज कशी वाटत नाही?"

हे ऐकून खार साळिंदराच्या पोटाकडे बघायला लागली. साळिंदर सशांच्या पोटाकडे बघायला लागलं. राजवाड्याच्या हौदाकडे कुणीच बघितलं नाही.

कापशी धावत अस्वल गुरुजींकडे गेली. "गुरुजी, खरं सांगा. आमच्या वाट्याला किती आलं?"

"सहावा भाग," गुरुजी कुजबुजले. "पण हे मी बोललो नाही हं."

"अहो, मग सभेत सांगा ना! माझी पोरं मरतील."

"मलाही पोरं आहेत, कापशीबाई," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी कापशीचं धाकटं पिल्लू गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीप्रमाणे भरली. गुरुजींनी वजाबाकी घेतली. "तिनातून एक गेला, उरले किती?"

"तीन," युवराज म्हणाले.

गुरुजींनी फळ्यावर तीन लिहिलं. साऱ्या वर्गानं ते मोठ्यानं म्हटलं. शाळेच्या कुडाबाहेर उभ्या असलेल्या कापशीला ते स्वच्छ ऐकू आलं.

तात्पर्य: बाळांनो, गणित कच्चंच ठेवावं. पक्कं झालं म्हणून काही तहान भागत नाही. उलट पाणी कुणी नेलं ते कळतं, आणि मग पुढच्या सभेत टाळ्या वाजवायला हात उचलत नाहीत.