चन्नप्पा अण्णांचं उरलंसुरलं

चन्नप्पा अण्णांनी सोमवारी माझ्याशी सुरू केलेलं वाक्य बुधवारी पूर्ण केलं. सोमवारी म्हणाले, “अक्का, त्या सात नंबरच्या मशिनीचा पंखा,” आणि उठून गेले. बुधवारी जिन्यात भेटले, नमस्कार नाही की काही नाही, म्हणाले, “बदलावा लागतंय.” मी म्हटलं, काय? तर माझ्याकडं असं बघितलं की जशी मीच वेंधळी.

नौबादच्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि अण्णा ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतात. शिकवतात कसले, तसेच जगतात. प्रोसेसर म्हणे एकाच कामाला चिकटून बसत नाही. याचं थोडं, त्याचं थोडं करत फिरतो. अण्णा पण तसेच. दोन घास खाल्ले की डबा बंद, चार पेपर तपासले की गठ्ठा बंद. डबा संपायला चार वाजतात. एकदा अर्धीच दाढी करून आले. उरलेली म्हणे खालच्या नंबरला टाकलीय.

या खालच्या नंबरावर त्यांचा फार जीव. वर्गात समजावताना लग्नाची पंगत आणतात. आधी पाहुणे, मग सोयरे, वाढपी शेवटी. काही कामं वाढप्यासारखी असतात. प्रोसेसर रिकामा झाला तरच त्यांचं पान मांडायचं. मग ठरलेलं वाक्य: “उरलंसुरलं खायलंय बिचारं, कुणाला काय त्रास न्हाई.” ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

त्यात ऐन परीक्षेच्या तोंडावर लॅबच्या वीसच्या वीस मशिनी रखडायला लागल्या. पोरं माझ्या नावानं बोंबलतायत, प्रिन्सिपॉलसाहेब माझ्यावरच डाफरतायत. शोधलं तर प्रत्येक मशिनीवर एकच प्रोग्राम मागं गुपचूप चाललेला. नाव ‘अव्वा’, नंबर सगळ्यात खालचा. कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. साहेब म्हणाले, सोमवारी परीक्षा आहे, शनिवारपर्यंत ते पुसून टाका.

मी अण्णांना गाठलं. त्यांनी “उरलंसुरलं” म्हणायला तोंड उघडलं आणि माझं डोकंच सटकलं. प्रोसेसरच्या पंगतीत तुमचा प्रोग्राम शेवटी बसतो हे कबूल, म्हटलं, पण मेमरीत सकाळपासून सगळे पाट अडवून ठेवलेत, पाहुण्यांनी बसायचं कुठं? वीस वर्षं हेच शिकवणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये?

अण्णा चुकलं म्हणाले. मग हळूच म्हणाले, “शनिवारपर्यंत तरी चालू द्या, अक्का. अव्वासाठी हाय ते.”

अव्वा म्हणजे त्यांची आई. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं, तेव्हा अण्णांनी त्यांना औरादहून आपल्याकडं आणलं. जीभ जड झालेली, त्यात अर्धी मराठी, अर्धी कन्नड. त्यांचं बोलणं अण्णांशिवाय कुणाला कळत नाही, आणि घरात अण्णांशिवाय कुणी नाही. दिवसा एक बाई येते, ती आपली अंदाजानं काहीतरी देते. म्हणून अण्णांनी उशाशी मोबाईल ठेवून महिनोन्महिने आईचं बोलणं भरून घेतलं होतं. आमच्या मशिनी ते शिकत होत्या. शिकून झालं की अव्वा बोलतील तो शब्द बाईच्या मोबाईलवर उमटणार.

आधी सांगायला काय झालं होतं, मी विचारलं. तर म्हणाले, घरचं काम, ते कामून वरच्या नंबरला आणायचं? असा राग आला म्हणून सांगू! तरी विसातल्या पाच मशिनींवर मी ते चालू ठेवलं.

शनिवारी दुपारी अण्णांनी कागद माझ्यापुढं ठेवले. एका आठवड्याचं अव्वांचं बोलणं. पाणी दोनदा, औषध एकदा, पंखा एकदा. बाकी सगळ्या रिकाम्या चौकटी. अण्णांनी दिलेल्या यादीत जो शब्द नाही, तिथं मशिन चौकट काढायची. पानंच्या पानं चौकटी. एवढ्यासाठी मी साहेबांची बोलणी खाल्ली! सगळं वाया गेलं की हो, म्हटलं.

“वाया न्हाई, अक्का,” अण्णा म्हणाले. “काल मी एकेक ऐकून बघितलो. सगळीकडं एकच शब्द हाय. चन्नू म्हणायलीय. मी घरात नसताना, दिवसभर. यादीत पाणी घातलो, उशी घातलो, शंभर शब्द घातलो. माझं नाव घालायचं सुचलंच न्हाई बघा.”

एवढं बोलून ते प्रोग्राम पुसायला उठले. मी त्यांच्या हातातून माऊस काढून घेतला. परीक्षेच्या मशिनींवरून तो मीच काढला आणि माझ्या टेबलावरच्या मशिनीवर टाकला. यादी उघडली आणि पाण्याच्याही वर लिहिलं, चन्नू.

अण्णा तसेच उभे होते.

“घरी जा आता,” मी म्हटलं. “अव्वा बोलवायल्यात.”